उन्हाळा न पाहिलेला पिरोजा

ते साल आमच्या इराणी पंचांगात तेराशे पस्तीस. इंग्रजी कॅलेंडरात पाहिलं तर एकोणीसशे छप्पन. त्या वर्षी रमजान वसंतात आला होता. नवरोजच्या सुट्टीत माझ्या बोटात अंगठी आली आणि रमजान सुरू होईपर्यंत ती सगळ्या गल्लीने पाहून झाली होती.

निशापूरच्या बाजारात, मशिदीकडे वळणाऱ्या बोळात, माझ्या वडिलांचं पिरोजे घासायचं दुकान होतं. उस्ताद हैदर म्हटलं की मशहदचे व्यापारीसुद्धा उठून उभे राहायचे. आई माझ्या लहानपणीच गेली, त्यामुळे घर सांभाळायला आईची धाकटी बहीण, इस्मत खाला, आमच्याकडे येऊन राहिली होती. तिचा नवरा लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वारला होता. पण खाला रडत बसणाऱ्यातली नव्हती. ती बोलत बसणाऱ्यातली होती.

माझा होणारा नवरा खुदादाद हा खाणीच्या गावचा. त्याचे वडील, कर्बलाई सफर, तिथले जुने खाणकरी. बापलेक कच्चे दगड पोत्यात घालून बाबांकडे आणायचे आणि मी बाबांचा डबा घेऊन दुकानात जायचे, एवढीच आमची ओळख. त्याचे कान जरा मोठे होते आणि हसायच्या आधी ते हलायचे. माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते त्या कानांकडेच. मशहदच्या एका गालिचेवाल्याच्या मुलाचंही स्थळ आलं होतं. ते कानावर पडल्यावर खुदादादने आईवडिलांच्या मागे असा लकडा लावला की नवरोजलाच ती मंडळी अंगठी घेऊन आमच्या दारात.

अंगठी चांदीची, खडा मोठा, आणि रंग काय सांगू. पाऊस पडून गेल्यावर बिनालूदच्या डोंगरामागे आभाळ धुऊन निघतं ना, तसा. बाबांनी लांबूनच पाहिला आणि "मुबारक" म्हणाले. सोयरिकीची अंगठी डोळ्याजवळ नेऊन तपासायची नसते, आमच्यात तो अपमान समजतात. ज्यांचं सगळं आयुष्य दगड डोळ्याजवळ नेण्यात गेलं, त्या बाबांनी त्या दिवशी दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले होते.

आता पिरोज्याचं एक सांगते. हा दगड पाणी पितो. खाणीतून निघतो तेव्हा ओला असतो आणि ओला असेतो कुठलाही पिरोजा राजाच्या मुकुटात शोभेल असा दिसतो. मग वारा लागतो, ऊन लागतं, आतलं पाणी उडतं आणि दगडाचा खरा चेहरा बाहेर येतो. चांगला असेल तो निळा राहतो. कोवळा असेल तो हिरवट पडतो. म्हणून बाबा नवा दगड एक अख्खा उन्हाळा फळीवर कोरडा ठेवायचे आणि मगच त्याला गिऱ्हाईक दाखवायचे. काही लोक ओल्या नमद्यात, म्हणजे लोकरीच्या जाड कापडात, गुंडाळून मडक्यात दगड ठेवायचे आणि इमाम रझांच्या दर्शनाला निघालेल्या भोळ्या यात्रेकरूंच्या गळ्यात मारायचे. यात्रेकरू घरी पोचेपर्यंत खड्याचा वाटाणा झालेला असायचा. असल्या माणसांचा सलाम बाबा घेत नसत.

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात मी हौदावर तांदूळ धूत होते. हात पाण्याबाहेर काढला, उन्हात धरला आणि पाहतच राहिले. खड्याच्या कडेला पिस्त्याच्या सालीसारखा रंग आला होता. संध्याकाळी तो मध्यापर्यंत पोचला.

मी उस्ताद हैदरची मुलगी. मला कुणी काही सांगायची गरज नव्हती. हा दगड उन्हाळा न पाहता बोटात आला होता. पण बाबांना हे कळलं तर खुदादादचं आमच्या दारातलं येणं कायमचं बंद होणार, हेही तितकंच स्पष्ट होतं. मी कणीक मळल्याचं निमित्त करून हात पिठात ठेवू लागले. बाबांपासून लपलं. खालापासून काय लपतंय?

"हात दाखव," ती म्हणाली.

दाखवला.

तिने गालावर चापट मारून घेतली. "अगं तूबा, हे काय? आजारी आहेस का? जीभ काढ बघू."

"खाला, मला काही झालेलं नाही."

"मग मनात दुसरं कुणी आहे. बाई आजारी असली तर पिरोजा फिका पडतो, नाहीतर तिचं मन नवऱ्यात नसलं तर. माझी आजी सांगायची. तो गालिचेवाला तर नाही ना? त्याला मान नाही गं, डोकं थेट खांद्यावर ठेवलंय."

"नाही गं."

"मग आजारीच आहेस," असं ठरवून तिने मला संध्याकाळी कसला तरी कडू काढा पाजला. तो प्यायले, कारण आजारी समजलं गेलेलं परवडत होतं. खरं सांगणं परवडत नव्हतं. खुदादादच्या आईचा, बीबी खावरचा, एक नेम होता. दर महिन्याची चंद्रकोर दिसली की आधी चंद्र पाहायचा, मग पिरोजा, म्हणजे महिना सुखाचा जातो. आम्ही सगळेच तसं करतो, पण बीबी खावर त्यात कसूर करत नसे. ईदच्या आदल्या संध्याकाळी ती सहकुटुंब येणार होती. चंद्र पाहणार आणि माझ्या बोटातला खडा पाहणार. त्यानंतर लग्नाचा दिवस ठरायचा होता.

खालाने उपाय सुरू केले. मेंढीच्या शेपटीची चरबी चोळली, त्याने खडा तासभर निळा दिसला आणि मग पहिल्यापेक्षा हिरवा झाला. चौकातल्या मिर्झा नबी अत्ताराला, म्हणजे जडीबुटी विकणाऱ्याला, विचारलं, तर तो म्हणाला, खडा गुलाबपाण्यात ठेवा. त्यातून फक्त वास आला. शेवटी ईदच्या आदल्या दुपारी खाला कपड्यांची नीळ घेऊन आली.

"खाला, कपडे आहेत का हे?"

"चादर पांढरी दिसते ती निळीनेच ना? खडा निळा दिसेल यात कसलं आश्चर्य? गप्प बस."

आणि खरंच, खडा इतका निळा झाला की मलाच शंका आली, इतका आधीसुद्धा नव्हता.

सूर्य कलता कलता पाहुणे ट्रकमधून उतरले, पापण्यांपर्यंत धुळीने माखलेले. बीबी खावर, कर्बलाई सफर आणि मागे रेवासच्या आंबट दांड्यांची जुडी काखेत धरून खुदादाद. माझ्याकडे पाहून त्याचे कान हलले. पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायचं काम नव्या नवरीचं. मी झारी उचलली. खालाने मागून मला डोळ्यांनी खुणावलं, पण मला काही उमगलं नाही. कर्बलाईंचे हात धुऊन झाले. बीबी खावरने हात पुढे केले, आणि मायेने की काय, माझाच हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन धुवायला लागली.

तांब्याच्या परातीत निळं पाणी पडलं.

बीबी खावरने परातीत पाहिलं. "पाणी निळं कसं?"

"परातीची कल्हई गेलीय हो," खाला म्हणाली. "कल्हईवाल्याला किती दिवस सांगतेय."

"कल्हई गेली की पाणी हिरवं होतं, बाई. निळं नाही होत." तिने अंगावर पांघरलेल्या चादरीचा पदर घेतला आणि माझा खडा पुसला. पदर निळा झाला. खडा हिरवा झाला.

भिंतीपलीकडे कुणाची तरी शेळी ओरडत होती.

"मुलगी आजारी आहे का?" बीबी खावरने विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्तच भीती वाटली. "की हिच्या मनात नाही? स्पष्ट सांगा. मनाविरुद्ध मुलगी नेऊन मला पाप नको."

"मनात आहे," मी म्हणाले. कुणालाच ऐकू गेलं नसावं.

बाबा पुढे आले. आता तपासायला मज्जाव नव्हता. त्यांनी अंगठी काढून घेतली, डोळ्याजवळ नेली, वास घेतला आणि खालाकडे असं पाहिलं की ती पडवीतल्या खांबामागे झाली. "जिभेला लावल्याशिवाय सांगता येणार नाही," ते म्हणाले. कोरडा पडलेला कोवळा दगड जिभेला चिकटतो, मुरलेला चिकटत नाही. हे आमच्या धंद्यातलं पोरसोरही जाणतं.

"मग लावा ना," कर्बलाई म्हणाले.

"माझा रोजा आहे."

"दगड काय पोटात जातोय का, उस्ताद?"

"दगड नाही, पण नीळ जाईल. महिनाभराचे रोजे मी निळीपायी मोडणार नाही. अजान होऊ द्या."

मग आम्ही सगळे अजानची वाट पाहत बसलो. जमिनीवर अंथरलेल्या सोफऱ्यावर खजूर, आशचं दाट सूप, गरम भाकरी, चीज, सगळं मांडलेलं. कुणी त्याकडे पाहत नव्हतं. बाबा अंगठी तळहातावर घेऊन बसले होते आणि सगळ्यांची नजर त्या तळहातावर. मी खुदादादकडे एकदाच पाहिलं. त्याचा चेहरा पाहून मला कळलं, त्यालाही ठाऊक आहे. अजान झाल्यावर काय निघणार हे त्या अंगणात आम्हा दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातलं कुणीच पळून जाऊ शकत नव्हतं. एवढी लांब संध्याकाळ मी पुन्हा पाहिली नाही.

अजान झाली. सगळ्यांनी खजुराकडे हात नेले. बाबांनी त्या वर्षीचा शेवटचा रोजा दगडाने सोडला. खडा जिभेच्या टोकाला लावला. तो चिकटला. काढताना बारीकसा आवाज झाला.

"मुलगी ठणठणीत आहे," बाबा म्हणाले. "दगड कोवळा आहे. याने एकही उन्हाळा पाहिलेला नाही. नव्या बोगद्यातला आहे आणि ओला ठेवून इथपर्यंत आणलाय."

त्यांची जीभ निळीशार झाली होती. हे सगळं ते गंभीरपणे सांगत होते आणि प्रत्येक शब्दाला ती जीभ दिसत होती. बीबी खावरने पदर तोंडावर घेतला. कर्बलाई सफरना मात्र हसू येण्यासारखं काही नव्हतं. खाणकऱ्याला ओला दगड खपवणारा म्हणणं म्हणजे त्याच्या बापजाद्यांवर जाणं. ते काठी टेकत उभे राहिले.

"माझ्या घरातून ओला दगड? उस्ताद, शब्द मागे घ्या."

"मी आणला," खुदादाद म्हणाला. "हिवाळ्यात मी काढला. ओल्या नमद्यात ठेवला होता. अब्बांना माहीत नाही."

"का?" कर्बलाईंनी विचारलं. "चांगले मुरलेले दगड घरात पडलेले असताना?"

"ते तुम्ही काढलेले होते. मला माझ्या हातचा द्यायचा होता. आणि उन्हाळा थांबलो असतो तर तो गालिचेवाला थांबला असता का?"

"हा गालिचेवाला कोण?" बीबी खावरने विचारलं.

"त्याला मान नाही," खांबामागून खाला म्हणाली.

कर्बलाईंनी पगडी काढून हातात घेतली. "उस्ताद, अंगठी परत द्या. आमच्या मुलाने तुमच्या घरात तेच केलं जे आम्ही गावात कुणाला करू देत नाही. आम्ही निघतो."

बाबांनी अंगठी पुढे केली. देऊन टाकली असती. मी बाबांना ओळखत होते, त्यांचा एकदा बंद झालेला दरवाजा उघडत नसे. कर्बलाईंचा हात अंगठीपर्यंत पोचायच्या आत मी मध्ये उभी राहिले. वडीलधाऱ्यांसमोर असं बोलायची रीत नव्हती. पण रीत पाळत बसले असते तर ट्रक निघून गेला असता.

"बाबा, कोवळा दगड तुम्ही फेकून देता का?"

"नाही. फळीवर ठेवतो."

"किती दिवस?"

"एक उन्हाळा."

"मग यांनाही ठेवा. यांनी दुसरा दगड आणावा. तो तुमच्या फळीवर उन्हाळा काढू दे. टिकला तर लग्न, नाही टिकला तर नाही."

बाबा माझ्याकडे पाहत राहिले. मग बीबी खावरकडे वळले. "पुढे मोहरम येतो, मग सफरचा महिना. त्यात लग्न होत नाही. थेट शरद ऋतूत जाईल. चालेल?"

"मला चालेल," बीबी खावर म्हणाली. "याला चालतं का विचारा. घाई याला आहे." मग एकदम तिला आठवलं. "अरे, चंद्र कुणी पाहिला का?"

कुणीच पाहिला नव्हता. सगळे जिन्याकडे धावले. गच्चीवर पोचलो तेव्हा कोर अगदी डोंगराला टेकली होती. आम्ही ती पाहिली आणि मग एकमेकांच्या हातांकडे पाहू लागलो. बीबी खावरची अंगठी प्रवासात नको म्हणून घरी राहिली होती, बाबांची दुकानात होती.

"आता पिरोजा कुठून आणायचा?" कर्बलाईंनी विचारलं.

"उस्तादांची जीभ पाहून घ्या," बीबी खावर म्हणाली. "त्याहून निळं या घरात आज काही नाही."

आधी बाबाच हसले. मग कर्बलाईसुद्धा, डोळे पुसत.

पुढच्याच आठवड्यात नवा दगड आला. जुन्या वरच्या बोगद्यात खुदादादने स्वतः खणून काढलेला, कर्बलाई शेजारी उभे. बाबांनी तो नुसता घासून, न जडवता, दुकानाच्या समोरच्या फळीवर ठेवला. ऊन थेट त्याच्यावर यायचं. दोन दिवसांत सगळ्या बाजाराला बातमी कळली. पावाचा भट्टीवाला सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन पाहायचा, मुल्ला नमाजाला जाताना पाहायचे, मिर्झा नबी अत्तार तर रोज दोनदा यायचा. "आज कसा आहे?" म्हणून लोक विचारायचे, घरात कुणी तापाने पडलं असावं तसं.

खुदादाद दर गुरुवारी खाणीच्या ट्रकमधून यायचा. दगडाची चौकशी करायचा त्याला हक्कच होता. मी डबा घेऊन जायचे. बाबा एका हाताने धनुष्यासारखा गज ओढून सान, म्हणजे दगड घासायचं चाक, फिरवत बसलेले, दुसऱ्या हातात लाखेच्या काडीवर चिकटवलेला दगड. सान फिरू लागली की घर्र आवाज व्हायचा आणि त्या आवाजात आम्ही बोलायचो.

"तब्येत कशी आहे?" खुदादाद फळीकडे पाहून विचारायचा.

"झोप लागत नाही म्हणते," मी फळीकडे पाहून सांगायचे.

"का?"

"ऊन फार लागतं ना."

"टिकेल का?"

"टिकवायचं मनात असलं तर टिकतं."

कधी तो खाणीतल्या गोष्टी सांगायचा. जुन्या राजांच्या काळातले बोगदे, हातोड्याचे वार आजही भिंतीवर दिसतात, आत गेलं की थंडी हाडात शिरते, आणि दिव्याच्या उजेडात निळी शीर दिसली की म्हातारे खाणकरीसुद्धा आधी बिस्मिल्ला म्हणतात मग हात लावतात. पिरोजा बोटात असला की घोड्यावरून पडलं तरी हाड मोडत नाही, असं त्याची आजी सांगायची. आजीने स्वतः गाढवावरून पडून पाय मोडून घेतला होता. "अंगठी हौदावर विसरली होती," तो म्हणायचा. मी कधी हसले की बाबा खाकरायचे. पण सान थांबायची नाही.

एका गुरुवारी माझ्या लक्षात आलं की सानेचा आवाज नेहमीसारखा नाही. घर्र नाही, नुसतीच घुमल्यासारखी. मी वळून पाहिलं. बाबा गज ओढत होते, नजर खाली होती आणि हातातली काडी मोकळी होती. त्यावर दगडच नव्हता. आम्ही बोलत राहावं म्हणून ते रिकामी सान फिरवत होते. घरी येऊन खालाला सांगितलं, तर ती म्हणाली, "उन्हाळाभर ते हेच करतायत. नाहीतर एवढ्या दिवसांत त्यांनी अख्खी खाण घासून टाकली असती."

सफरचा महिना संपत आला. बाजारात खरबुजांचे ढीग लागले. आणि एका सकाळी भट्टीवाला धापा टाकत आमच्या दारात. "उस्ताद, कोपरा पाहा."

खड्याच्या एका कोपऱ्याला डाळीएवढा फिकट डाग आला होता. बाकी सगळा दगड जसाच्या तसा निळा. दुकानासमोर माणसं गोळा झाली. कुणी म्हणालं, टिकला. कुणी म्हणालं, टिकला नाही. मुल्लांना विचारलं तर ते म्हणाले, हे शरियतमध्ये येत नाही. त्यात गुरुवार होता. खुदादाद ट्रकमधून उतरला, गर्दी पाहिली आणि काही न विचारता भिंतीला टेकून उभा राहिला.

बाबा आले. गर्दीने वाट दिली. त्यांनी दगड उचलला, उजेडात धरला, जिभेला लावला. चिकटला नाही. मग ते सानेपाशी बसले, दगड काडीला लाखेने चिकटवला आणि तो फिकट कोपरा घासायला लागले. पुष्कळ वेळ लागला. सगळे उभे. उरला तो खडा आधीपेक्षा लहान, एका बाजूला किंचित तिरका, पण सगळीकडून निळा.

"उस्ताद, हे चालतं का?" भट्टीवाल्याने विचारलं. "अट तर दगड टिकायची होती."

"मग मी इतकी वर्षं या सानेपाशी काय करतोय?" बाबा म्हणाले. "वाईट भाग काढायचा आणि चांगला ठेवायचा, हेच ना? संपूर्ण चांगला दगड मी अजून पाहिलेला नाही. माणूस तर नाहीच नाही." मग खुदादादकडे न पाहता म्हणाले, "तिथे भिंत धरून का उभा आहेस? पडणार आहे का ती? आईला निरोप दे. चंद्र दिसला की या."

लग्न पुढच्या महिन्यात झालं. मिर्झा नबीने जेवणाच्या भातासाठी जाफरान, म्हणजे केशर, फुकट दिलं. त्याचं कारण वर्षभराने कळलं.

कर्बलाई सफर त्यानंतर फार जगले नाहीत, पण थोरला नातू त्यांनी मांडीवर घेतला. बीबी खावर आणि मी एका घरात पुष्कळ वर्षं राहिलो. रोज मिठावरून भांडायचो आणि दर महिन्याला न चुकता एकत्र गच्चीवर जायचो. पुढे बाबांची दृष्टी गेली. तेव्हा खुदादाद खाण सोडून त्यांच्या सानेपाशी बसला आणि बाबा शेजारी बसून नुसत्या आवाजावरून त्याच्या चुका काढायचे. खुदादादला जाऊन आता आठ वर्षं झाली. मिर्झा नबीने आमच्या लग्नानंतर वर्षाने इस्मत खालाला मागणी घातली. तो रोज दोनदा दगड पाहायला येत नव्हता, खाला दुकानाकडे फिरकते का ते पाहायला येत होता, हे तेव्हा कळलं. खालाने त्याला दोन महिने उत्तर दिलं नाही, मग हो म्हणाली, आणि मरेपर्यंत त्याच्या दुकानात बसून गिऱ्हाइकांना औषधं सांगत राहिली. बहुतेक चुकीची. तरी लोक तिच्याकडेच यायचे.